दाताच्या दवाखान्यातला दगड

माझ्या सासूबाई दगड चाटून बघतात, हे लग्न ठरलं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या घरात आल्यावर एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर त्या ओट्याशी उभ्या होत्या. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात करड्या दगडाचा तुकडा. त्यांनी चहाचा घोट घेतला, दगडाला जिभेचं टोक लावलं, आणि गळ्यात अडकवलेलं भिंग डोळ्याशी धरून त्या ओल्या जागेकडे बघत राहिल्या.

"ओला केला की कण उठून दिसतात," त्या म्हणाल्या, जणू मी विचारलंच होतं.

मी दातांची डॉक्टर. तोंडून निघून गेलं, "आई, दात झिजतील."

"झिजू देत. सून कशाला आणलीय मग?"

सासूबाई एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत. तेलाची विहीर खणताना जमिनीच्या पोटातून दगडाचे लांब गोल दांडे कापून वर काढतात. त्यांना तिथे कोअर म्हणायचे. हे कोअर लाकडी खोक्यांतून सासूबाईंच्या टेबलावर येत. त्यातून अंगठ्याएवढे तुकडे कापायचे, धुऊन वाळवायचे आणि दोन गोष्टी मोजायच्या. दगडात पोकळ जागा किती, ही एक. आणि त्या पोकळ जागेतून तेल किती सहज वाहील, ही दुसरी. जमिनीखाली तेलाचं तळं असतं असं मला आपलं वाटायचं. तळंबिळं काही नसतं. तेल दगडाच्या बारीक छिद्रांत भरून राहिलेलं असतं, आणि ते तिथून हलणार की नाही हे त्या छिद्रांच्या ठेवणीवर ठरतं.

"पहिलं माप म्हणजे खोल्या किती, दुसरं म्हणजे दारं किती," सासूबाई सांगायच्या. "नुसत्या खोल्या मोजून घर विकत घेणारे पुष्कळ असतात."

त्यातही चुनखडीचा दगड त्यांच्या मते अट्टल लबाड. वाळूच्या दगडाचा मामला सरळ असतो: कण आणि कणांमधल्या फटी. चुनखडी म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाशी साठलेले शिंपले आणि चिखल. ती पाण्यात विरघळते, पुन्हा घट्ट होते, परत विरघळते. कुठे अख्खा शिंपला विरघळून त्याच्या आकाराची नुसती पोकळी उरते आणि तिला बाहेर जायला वाटच नसते. कुठे दगड वरून ठोकळ्यासारखा भरीव दिसतो आणि आतून त्याची चाळण झालेली असते. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण चुनखडी बघूनच कुणाला तरी सुचली असणार, असं त्यांचं ठाम मत होतं.

हे वेड कुठून आलं, तेही मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्यांचे वडील घरोघरी फरशी बसवायचे. एकदा एका घरात नवी फरशी बसवून झाली आणि घरमालकिणीच्या हातून तेलाची बरणी पडली. जिथे तेल सांडलं तिथे दोन तऱ्हेच्या फरश्या होत्या. एकीच्या अंगावर नुसती भोकं, डोळ्यांना दिसतील एवढी. दुसरी गुळगुळीत, आरशासारखी. मालकीण भोकांची फरशी पुसायला धावली. ती पुसली गेली, चक्क स्वच्छ निघाली. भोकांत साचलेलं तेल कापडाने टिपलं आणि संपलं. गुळगुळीत फरशीने मात्र तेल पिऊन टाकलं. वडिलांनी ती उचकटून काढली, तर डाग खालच्या बाजूला पोचला होता. शाळकरी वयाच्या सासूबाई तिथे उभ्या होत्या. त्या म्हणायच्या, "आमचे वडील कपाळाला हात लावून बसले होते आणि मला मात्र इतका आनंद झाला होता की विचारू नकोस. मला वाटलं, ह्या दगडाने आपल्याला मामा बनवलं. आता ह्याला सोडायचं नाही."

सोडलं नाहीच. शिष्यवृत्तीवर भूशास्त्र शिकल्या आणि प्रयोगशाळेत लागल्या. तिथे बाईमाणूस म्हणून त्यांना आधी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. त्यांनी वर्षभर चिठ्ठ्या चिकटवल्या, पण प्रत्येक खोक्यातला दगड बघून मगच. पुढे कुठला दगड कुठल्या खोक्यात आहे हे विचारायला सगळे त्यांच्याकडेच येऊ लागले आणि आपसूक त्यांचं टेबल खिडकीशी सरकलं. सासऱ्यांशी गाठ पडली तीही तिथेच. बाबा पंप दुरुस्त करायचे. प्रयोगशाळेतला हवा ओढून घेणारा पंप बिघडला म्हणून ते आले, आणि तो पंप त्यानंतर वरचेवर बिघडू लागला. "पंपाचा काही दोष नव्हता," बाबा अजूनही सांगतात. "त्याला कुणीतरी वेळोवेळी ढिला करून ठेवत होतं." कोण, ते दोघंही सांगत नाहीत.

मी घरात आले तेव्हा सासूबाई प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या होत्या. लहानमोठे सगळे त्यांना 'बाई' म्हणत. निवृत्तीला अजून काही वर्षं उरली होती. आणि त्याच सुमाराला ती विहीर आली.

नवी जागा होती, नवी विहीर. चुनखडीचे दोन थर लागले होते, एकावर एक. दोन्हींत तेल होतं. आता विहिरीतल्या पोलादी पाइपाला भोकं पाडायची होती, म्हणजे थरातलं तेल पाइपात उतरेल. प्रश्न एवढाच, की भोकं कुठल्या थरासमोर पाडायची.

विहिरीची जबाबदारी ज्या मोठ्या इंजिनियरकडे होती त्यांना ऑफिसात नुसतं 'साहेब' म्हणत. माणूस हुशार, सरळ आणि अंगात घाई मुरलेला. साहेबांचं म्हणणं, वरचा थर. विहिरीत सोडलेल्या उपकरणांनी वरच्या थरात पोकळ जागा भरपूर दाखवली होती, खालच्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय खालच्या थराच्या बुडाशी पाणी होतं. तिथे तोंड लावलं आणि तेलाऐवजी पाणी चढलं, तर विहीर हातची जायची.

सासूबाईंचं म्हणणं, खालचा. वरच्या थरात पोकळ्या खूप, पण सुट्या सुट्या. विरघळलेल्या शिंपल्यांच्या बंद खोल्या. त्यांनी तुकड्यांतून वायू सोडून पाहिला होता. वरच्या थराचे तुकडे जवळजवळ काही वाहू देत नव्हते, खालच्याचे मात्र बिनतक्रार वाहू देत होते.

पण वरच्या थराचा एक तुकडा असा निघाला, की त्यातून वायू भसाभस गेला. बाकीच्या सगळ्यांना लाजवेल इतका. साहेबांनी त्या तुकड्यावर बोट ठेवलं. "बाई, हा काय सांगतोय मग?"

"तो फुटलाय," सासूबाई म्हणाल्या. "कापताना बारीक भेग गेली असणार. भेगेतून वायू पळतोय. जमिनीखाली ती भेग नाहीच."

"वरून तर दिसत नाही."

"आतून असेल."

"असेल म्हणजे? बाई, असेल-नसेलवर मी विहीर उघडू? तुमचे बाकीचे तुकडे वाईट आणि हा चांगला, असंही असेल की."

आतून बघायचं तर यंत्र लागतं. प्रयोगशाळेचं क्ष-किरणांचं यंत्र, जे दगडाचे आतून काप दाखवतं, ते बंद पडलं होतं. सुटा भाग परगावाहून यायचा होता. निर्णयाची बैठक त्याच आठवड्यात होती. विहिरीवरची माणसं आणि अवजारं हात बांधून बसली होती.

त्या दिवशी जेवताना सासूबाई गप्प होत्या. हे आमच्या घरात नवल. बाबांनी विचारलं, "काय झालं? कुणी दगड मारला का तुला?"

त्यांनी सगळं सांगितलं. मी ताटातून मान वर न करता म्हणाले, "आई, तसं यंत्र माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे?"

"दवाखान्यात. जबड्याचे काप काढायचं. दाताचं मूळ कुठे वळलंय, हाडात पोकळी कुठे आहे, ते सगळं दिसतं. दात आणि हाड तरी काय, तुमच्या चुनखडीसारखं कॅल्शियमच ना. तुमचा तुकडा अंगठ्याएवढा. मावेल."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. लग्न होऊन बरेच महिने झाले होते, पण असं बघणं पहिल्यांदाच. मग त्यांनी बाबांकडे वळून म्हटलं, "अहो, ऐकलंत? आणि तुम्ही म्हणत होता, मुलगा काही कामाचं करत नाही."

माझा नवरा म्हणाला, "आई, मी इथेच बसलोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना फोन केला. मला वाटलं होतं ते हसतील. हसलेच. पण मग म्हणाले, "मी पण येतो. दगडाचा पेशंट मी कधी बघितला नाही."

दुपारी दवाखाना बंद असतो त्या वेळेला दोघं आले. सासूबाईंच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेले तीन तुकडे: वरच्या थराचा तो वाहणारा, वरच्याच थराचा एक न वाहणारा, आणि एक खालच्या थराचा. माझ्या खोलीत एक खुर्ची, तिच्या मागे क्ष-किरणांचं यंत्र. पेशंटने हनुवटी टेकवायची आणि यंत्राचा हात डोक्याभोवती फिरतो. मी हनुवटीच्या जागी फोमचा ठोकळा ठेवला आणि त्यावर दगड उभा केला.

"हलू नको म्हणावं," साहेब म्हणाले.

"ह्याच्याइतका शहाणा पेशंट मला मिळालेला नाही," मी म्हणाले. "तोंड उघड म्हणायचीसुद्धा गरज नाही."

आम्ही तिघं शिशाच्या काचेमागे उभे राहिलो. यंत्र गुणगुणत फिरलं आणि थांबलं. पडद्यावर दगडाचा काप उमटला: पांढुरका गोल, कडेला थोड्या रेघोट्या, कारण दगड जबड्यापेक्षा घट्ट आणि यंत्राला त्याची सवय नव्हती. आत काळ्या पोकळ्या स्पष्ट दिसत होत्या. काही गोल, काही शिंपल्याच्या कडेसारख्या वाकड्या.

सासूबाई पुढे झुकल्या. "भेग दाखव."

मी काप एकेक करून खाली सरकवू लागले. हे माझं रोजचं काम. दाताच्या मुळातली नळी केसाएवढी असते, मध्येच वळते, फाटे फोडते, दिसेनाशी होते आणि पुन्हा सापडते. तिचा माग काढताना घाई केली की हातून निसटते. मी वरच्या टोकाची एक मोठी पोकळी धरली आणि तिच्यामागून खाली निघाले. ती अरुंद झाली, बाजूला सरकली, दुसऱ्या पोकळीला मिळाली, परत रुंदावली. मी पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. खात्री करून घेतली.

आणि मग मी थांबले. कारण ती भेग नव्हती.

सासूबाई शेजारी उभ्या. साहेब मागे उभे. मला क्षणभर वाटलं, गप्प बसावं, ह्यांचा दगड हे बघून घेतील. पण पडद्यावर जे आहे ते पेशंटला सांगायचं, ही माझी जुनी खोड.

"आई, ही भेग नाही. भेग असती तर केसासारखी सरळ काळी रेघ दिसली असती, सगळ्या कापांत. दाताला तडा गेला की तशीच दिसते. ही खरी पोकळी आहे, दोन मोठ्या पोकळ्या एकमेकींना मिळाल्यात. वरच्या तोंडापासून खालच्या तोंडापर्यंत सलग वाट आहे."

साहेबांनी घसा साफ केला, पण बोलले नाहीत, ही त्यांची भलमनसाई.

सासूबाईंनी भिंग उगाचच हातात घेतलं, सोडलं. मग खुर्ची ओढून बसल्या. "परत दाखव."

मी परत दाखवलं. सगळी वाट, वरून खालपर्यंत, हळूहळू.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "साहेब, माझं चुकलं. हा फुटलेला नाही."

"म्हणजे वरचा थर वाहतो."

"म्हणजे हा तुकडा वाहतो," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही खाली आला नव्हता. "ही पोकळी केवढी आहे बघा. तुकड्याएवढीच लांब. अंगठ्याएवढा तुकडा कापला आणि अंगठ्याएवढी पोकळी नेमकी त्यात सापडली, म्हणून इकडून फुंकलं की तिकडून निघतं. पण जमिनीखाली ह्या पोकळीच्या पुढे काय आहे? ती तिथेच संपत असेल तर ती सुद्धा बंद खोलीच झाली, फक्त जरा मोठी. आपण करवतीने तिच्या दोन्ही भिंती कापल्या आणि म्हणालो, वा, दारं आहेत."

साहेब पडद्याजवळ आले. "दुसरा लावा," ते म्हणाले.

दुसरा तुकडा, वरच्याच थराचा. पोकळ्या पहिल्याहून जास्त, नुसती जाळी. मी एकेकीचा माग काढला. प्रत्येक पोकळी थोडी पुढे जाऊन मिटत होती. एकीतून दुसरीत जाणारी वाट मला सापडली नाही, आणि वाटा शोधण्यात माझा हात धरणारे ह्या शहरात फारसे नाहीत, हे मी साहेबांना सांगूनही टाकलं.

मग खालच्या थराचा तुकडा. पडद्यावर नुसता करडा गोल उमटला. एक पोकळी नाही, एक काळा ठिपका नाही.

"ह्यात तर काहीच नाही," साहेब म्हणाले. "बाई, हा तुमचा वाहणारा दगड?"

"तिच्या यंत्राला दिसत नाही इतकी बारीक छिद्रं आहेत. पण सगळी एकमेकींना जोडलेली." त्या माझ्याकडे वळल्या. "तुझी ती पाण्याची पिचकारी आण."

मी आणली. सासूबाईंनी वरच्या थराचा न वाहणारा आणि खालच्या थराचा असे दोन तुकडे टेबलावर आडवे ठेवले. वरच्या थराच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. तो एका खळग्यात जाऊन बसला आणि चकाकत राहिला. खालच्या थराच्या तुकड्यावर थेंब सोडला. तो पसरायच्या आधीच नाहीसा झाला. दुसरा सोडला, तोही गेला. आमच्या डोळ्यांदेखत त्या भरीव दगडाने पाणी पिऊन टाकलं आणि नुसता ओला डाग उरला.

"हे गंमत म्हणून," सासूबाईंनी लगेच बजावलं. "थेंबावरून विहीर उघडायची नसते. आकडे यंत्रावर काढलेत, ते तुम्हाला दिलेत. पण आकडे डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, म्हणून दाखवलं."

साहेब खुर्चीत बसले, मघाशी दगड ठेवला होता त्याच. "ठीक. पण मला वरच्या थराचं नक्की उत्तर हवं. तुमच्या अंगठ्यांवर माझा विश्वास राहिला नाही, एकाही अंगठ्यावर."

"माझाही राहिला नाही," सासूबाई म्हणाल्या. "ह्या थराला अंगठ्याने मोजायलाच नको होतं. पोकळ्या मोठ्या असल्या तर तुकडाही मोठा घ्यावा लागतो. अख्खा दांडा घेऊ, हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, न कापता. त्यातून वायू सोडू. बैठकीआधी उत्तर देते."

साहेबांनी मान हलवली. मग गालावर हात ठेवून मला म्हणाले, "डॉक्टर, आता बसलोच आहे तर एक विचारू? इकडे डावीकडे थंड लागलं की कळ येते."

यंत्रात बघितलं. दाढेला छान पोकळी होती, आणि तिची वाट थेट दाताच्या नसेपर्यंत मोकळी होती. सासूबाई पडद्याकडे बघून म्हणाल्या, "बघा साहेब, हिला म्हणतात जोडलेली पोकळी."

अख्ख्या दांड्याची चाचणी त्यांनी पुढचे दोन दिवस उभं राहून केली. वायू कडेने निसटू नये म्हणून लागणारं रबरी आवरण एवढ्या मोठ्या दांड्याला बसेल असं नव्हतं. बाबांनी पंपाच्या जुन्या नळीचं बनवून दिलं. निकाल सासूबाईंच्या बाजूने आला, पण त्यांना वाटला होता तितका टोकाचा नाही. दांडा अगदीच बंद नव्हता. कुठे कुठे बारीक फटींनी एखादी खोली दुसरीला जोडलेली होती, आणि वायू रडतखडत जात होता.

बैठकीला त्यांनी हे सगळं मांडलं. आधी आपला भेगेचा अंदाज चुकला हे सांगितलं, तेही पहिल्याच वाक्यात. मग वरच्या थराबद्दल, मग खालच्या. साहेबांनी पाण्याचा मुद्दा काढला, जोर लावून, आणि तो खरा होता. सासूबाई म्हणाल्या, "खालच्या थराची छिद्रं सारखी आहेत, सगळीकडे एकसारखी. तिथे पाणी एखाद्या मोठ्या नळातून उसळी मारून यायचं नाही, येईल ते सगळीकडून सावकाश सरकत येईल. थराच्या फक्त वरच्या भागासमोर भोकं पाडा आणि तेल हळू ओढा. हावरटपणा केला तर तेलही जाईल, तूपही जाईल."

"आणि हळू ओढूनही पाणी आलं तर?"

"तर खालचा थर बंद करा आणि वर या. वरचा कुठे पळून जात नाही. त्याला दारंच नाहीत."

बैठकीत हशा झाला. साहेबही हसले, आणि खालच्या थरावर सही केली.

विहीर उघडली त्या दिवशी सासूबाई तिथे गेल्या होत्या. मला संध्याकाळी फोन केला. मागे यंत्रांचा घरघराट इतका, की त्यांना ओरडावं लागत होतं.

"येतंय," त्या म्हणाल्या. "सावकाश येतंय, पण अखंड. पाणी नाही."

"आई, दगडाला पाझर फोडलात तुम्ही."

"मी कसली. त्याला फुटलेलाच होता. आपण फक्त नीट बघितलं."

'आपण' म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "जेवायला उशीर होणार म्हणजे," आणि भांड्यावर झाकण ठेवून बाहेर ओसरीवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने बघितलं तर एकटेच हसत होते.

ती विहीर नीट चालली. तिच्या आजूबाजूला आणखी विहिरी झाल्या, सगळ्या खालच्या थरात. खालचा थर दमायला लागला तेव्हा साहेब पुन्हा सासूबाईंकडे आले, वरच्या थराचं काय करायचं ते विचारायला. चुनखडी आम्लात विरघळते. सासूबाई म्हणाल्या, "आता दारं आपण पाडू." पण किती जोराने आम्ल सोडायचं, ह्यावर दोघांचं चांगलं वाजलं. फार हळू सोडलं तर आम्ल तोंडाशीच दगड खाऊन संपतं. फार जोराने सोडलं तर सगळीकडे थोडं थोडं पसरून वाया जातं. मधला वेग साधला तर ते उंदराच्या बिळासारखी वाट कोरत आत शिरतं आणि एकेक बंद खोली उघडत जातं. ह्या वेळी साहेबांचा वेगाचा अंदाज सासूबाईंपेक्षा जास्त बरोबर निघाला. त्यांनी त्या वेगाने आम्ल सोडून कोरलेला एक तुकडा माझ्याकडे पाठवला, जबड्याच्या यंत्रात बघायला, सोबत निरोप: "बाईंना दाखवा, आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते कळवा." मी कळवलं की चेहरा छान झाला होता. सासूबाईंनी तो तुकडा पडद्यावर उलटसुलट फिरवून घेतला, कोरलेली वाट बोटाने गिरवली आणि म्हणाल्या, "हे बघ, मुळाच्या नळीसारखंच फाटे फोडत गेलंय. साहेब शिकला."

सासूबाईंच्या निवृत्तीचा समारंभ झाला. भाषणं झाली, फुलं झाली. लोकांना वाटलं, आता बाई घरी बसणार. बाबांनाही वाटलं होतं. त्यांनी दोघांसाठी अंगणात बाक करून घेतला होता. बाक अजून बहुतेक वेळ रिकामा असतो, कारण जिथे जिथे चुनखडीत नवी विहीर लागते तिथून सासूबाईंना बोलावणं येतं. तिथल्या तरुण मंडळींना त्या पहिल्या दिवशी एकच काम सांगतात: मोजमाप सुरू करायच्या आधी अख्खा दांडा टेबलावर ठेवा, भिंग घ्या, आणि पोकळ्या केवढ्या आहेत ते बघून मग तुकडा केवढा कापायचा ते ठरवा. कंटाळा करणाऱ्यांना त्या भेगेची गोष्ट सांगतात. स्वतः चुकल्याचा भाग तिखटमीठ लावून, आणि सुनेने पकडलं हा भाग त्याहून जास्त.

मागच्या महिन्यात त्यांच्याबरोबर मीही गेले होते, दवाखाना चार दिवस बंद ठेवून. तिथल्या प्रयोगशाळेत माझी ओळख करून देताना त्यांनी 'ही माझी सून' म्हटलं नाही. म्हणाल्या, "ह्या डॉक्टर. पोकळीचा माग काढायचा असेल तर ह्यांना विचारा." मग मला एका लांबलचक टेबलाशी उभं केलं. त्यावर नुकताच आलेला कोअर मांडला होता, पांढरट, शिंपल्यांनी भरलेला.

"हं, सांग," सासूबाई म्हणाल्या. "कुठून सुरुवात करायची?"

मी वाकून बघितलं. वाळलेल्या दगडात काही धड दिसत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी एक तुकडा उचलला आणि जिभेला लावला.